मंगळवारचे साडेचार किलोमीटर

२ फेब्रुवारी, सोमवार

विमा कंपनीचं पत्र आलं. सत्तरी ओलांडलेल्या चालकांच्या गाडीचा हप्ता यंदापासून वाढणार. कारण दिलेलं नाही, पण मी काही दुधखुळा नाही. खाली बारीक अक्षरात थोडी मलमपट्टी आहे. ज्येष्ठ चालकाने दोन दिवसांचा उजळणी वर्ग केला, डोळ्यांचा दाखला दिला आणि तीन महिने गाडीत एक डबी बसवून घेतली, तर हप्ता उलट कमी होईल. ही डबी वेग, ब्रेक, वळणं सगळं टिपते म्हणे आणि त्यावरून गुण देते.

हिला वाचून दाखवलं. ही मटार सोलत होती. म्हणाली, "म्हणजे तुमची परीक्षा घेणार."

"घेऊ देत. पंचेचाळीस वर्षं गाडी चालवतोय, एक ओरखडा नाही."

"एक आहे. आपल्या फाटकाचा."

"त्यात फाटकाची चूक होती."

ही मटार सोलत राहिली.

आयुष्यभर मी वजनमापं निरीक्षक होतो. मी बाजारात शिरलो की तराजू आपोआप सरळ व्हायचे. कुठल्याही उपकरणावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, आधी ते तपासायचं, हे पस्तीस वर्षं केलं. तेव्हा असं ठरवलंय की डबी तीन महिने माझी नोंद ठेवणार असेल तर मी डबीची नोंद ठेवणार. त्यासाठी ही वही. तपासणीच्या वहीत खोटं लिहायचं नाही, हा नोकरीतला नियम इथेही.

गाडी हवीच. आक्का, माझी थोरली बहीण, चाळीस किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात असते. तिकडे बस जात नाही. आई गेल्यावर आक्कानेच मला वाढवलं. आता ती चौऱ्याऐंशीची आहे. दर रविवारी आम्ही दोघं जातो आणि ती दहापासून व्हरांड्यात खुर्ची टाकून वाट बघत बसते. गाडी बंद झाली तर हे सगळंच बंद होईल.

११ फेब्रुवारी, बुधवार

वर्गाचा पहिला दिवस. बारा जण, सगळ्यांचे मिळून नऊशेच्या वर पावसाळे पाहून झालेले. शिकवायला एक बाई, तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेल्या. आवाज असा की मागच्या बाकावरचे पेंगणारे दोघे ताठ झाले. मी मनातल्या मनात त्यांचं नाव मास्तरीणबाई ठेवलं.

बऱ्याच गोष्टी मला ठाऊक होत्या. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवा. तिन्हीसांजेला शक्यतो निघू नका. सर्दीची गोळी घेतली असेल तर किल्लीला हात लावू नका. एक मात्र नवीन कळलं. वय वाढलं की मान वळायला कुरकुरते आणि माणूस नुसते डोळे फिरवतो, त्यामुळे कडेचं सुटतं. बाईंनी सगळ्यांना माना वळवायला लावल्या. बारा मानांचा कटकट असा आवाज झाला आणि सगळे हसलो.

ही सोबत म्हणून आली होती. मागे बसून भाजीच्या यादीच्या वहीत काहीतरी लिहीत होती. बाईंनी विचारलं, "तुम्हीही चालवता का?"

"छे हो," ही म्हणाली. "मी नुसती बोलते."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रत्यक्ष फेरी. गाडी माझीच, शेजारी मास्तरीणबाई. हिला मागे बसवलं आणि बाईंनी बजावलं, "ताई, आज तोंडातून एक शब्द काढायचा नाही."

हिला ही शिक्षाच. गाडीत बसली की हिची टकळी सुरू होते. सायकलवाला आला, आजीबाई उभ्या आहेत, सिग्नल पिवळा झाला, ट्रकवाला दार उघडतोय. मी कितीदा म्हटलं असेल, अगं, मलाही डोळे आहेत. पण बोलण्याची खोड वयाबरोबर वाढते. गेली चार-पाच वर्षं तर फारच.

फेरी चांगली झाली. बेकरीच्या वळणावर एक सायकलवाला डावीकडून कुठून उगवला देव जाणे. बाई "ब्रेक!" म्हणून ओरडल्या आणि त्यांनी हँडब्रेक खेचला. सायकलवाल्याने बॉनेटवर हात टेकला, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला. लागलं काही नाही. पुढे शाळेच्या भिंतीशी डावा आरसा एका झुडपाला घासला. झुडूप वाढून रस्त्यावर आलेलं आहे, नगरपालिकेला पत्र टाकायला हवं.

बाईंनी दाखला दिला, पण खाली "डोळ्यांच्या सविस्तर तपासणीनंतरच ग्राह्य" असं लिहिलं. घरी आल्यावर त्या फाटकाशी हिच्याशी बराच वेळ बोलत उभ्या होत्या. बायकांना विषय कमी पडत नाहीत. मग हिने चहा केला, त्यात साखर घालायची विसरली. मी तसाच प्यायलो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकटाच गेलो. एका वाडग्यासारख्या यंत्रात डोकं घालायचं, समोर बघत राहायचं आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या वेळी यंत्र मध्येच बंद पडत होतं. बराच वेळ एकही ठिपका आला नाही. मी तसं तंत्रज्ञ मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "यंत्र चालू आहे काका."

खोटं लिहायचं नाही असं पहिल्याच पानावर लिहून बसलोय, म्हणून लिहितो. काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याचं कडेचं दिसणं जवळजवळ सगळं गेलं आहे. गेलेलं परत येत नाही, थेंब घातले तर आहे ते टिकेल. उजवा डोळा ठणठणीत.

"गाडी?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "नियमाप्रमाणे अजून चालवू शकता. अगदी काठावर आहात. मी दाखला देतो. पण माझ्या वडिलांना मी दिला नसता."

एवढं तोडून बोलायची गरज नव्हती. दाखला विमा कंपनीला पाठवला. तपासणीचा कागद टेबलाच्या खणात तळाशी ठेवला आहे. हिला थेंबांबद्दल सांगितलं, डोळे कोरडे पडतात म्हणून. हिने आणखी काही विचारलं नाही. चपला घेऊन आलो तर चार प्रश्न विचारणारी बाई, आज एकही प्रश्न नाही. चला, सुटलो.

२३ फेब्रुवारी, सोमवार

डबी बसवली. काडेपेटीएवढी आहे, स्टिअरिंगखाली. किलोमीटरचा काटा वहीत उतरवून घेतला. आजपासून हिशेब चोख.

८ मार्च, रविवार

आक्काकडे जाऊन आलो. ऐकू कमी येतं, पण नजर ससाण्याची. हिला म्हणाली, "काय गं, चेहरा असा फुललाय? नवऱ्याने काही आणलं की काय?"

"त्यांनी काय आणायचंय," ही हसत म्हणाली.

आक्का माझ्याकडे वळली. "आणि तू अजून गाडी हाकतोयस?"

"मग काय तू हाकणारेस?"

"मला शिकवलं असतंस तर हाकली असती," आक्का म्हणाली. "आमच्या वेळी कोणी विचारलंच नाही."

ही एकदम गप्प झाली. परतताना मात्र नेहमीसारखी बोलत होती.

१५ मार्च, रविवार

डबीचा अहवाल आला आणि माझं डोकं फिरलं. शंभरपैकी एकसष्ट! रविवारच्या फेऱ्यांना चौऱ्याण्णव गुण आहेत, ते बरोबर. पण मंगळवारी तीन तारखेला आणि परत दहा तारखेला सकाळी साडेदहा वाजता साडेचार किलोमीटरची एकेक फेरी दाखवली आहे. इंजिन सहा वेळा बंद पडलं, जोरात ब्रेक नऊ वेळा. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा ते बारा मी वकिलांकडे बुद्धिबळ खेळायला जातो, आणि चालत जातो. गाडी दारात असते. तेव्हा ही फेरी झालेलीच नाही.

हिला अहवाल दाखवला. हिने चष्मा लावून खूप वेळ वाचला. "नऊ वेळा ब्रेक?" म्हणाली. "मला वाटलं, कमी असतील."

"एकदाही नसणार! गाडी जागेवर होती."

"हो, तेही खरंच," ही म्हणाली आणि कुकर बघायला गेली.

१६ मार्च, सोमवार

विमा कंपनीला फोन लावला. एक मुलगी बोलत होती. "आजोबा," अशी सुरुवात केली. मी म्हटलं, आजोबा नको, काका चालेल. काका म्हणून तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "काका, घरात दुसरं कोणी गाडी चालवतं का?"

"आमच्या घरात गाडी फक्त मी चालवतो."

"एकदा घरात विचारून बघता का?"

"घरात मी आणि माझी बायको. तिला सायकलसुद्धा येत नाही."

"बरं," ती म्हणाली. हसली की काय कोण जाणे.

२० मार्च, शुक्रवार

डबीची रीतसर तपासणी केली. बुद्धिबळ सोडून हमरस्त्यावर दगडांच्या खुणांनी मोजून दहा किलोमीटर गाडी चालवली. डबीत दहा किलोमीटर, वर चाळीस मीटर. एवढी तफावत चालते.

मग गाडीचा काटा घेतला. सोमवारी संध्याकाळचा आकडा आणि मंगळवारी दुपारचा आकडा, यांत बरोबर साडेचार किलोमीटरचा फरक. म्हणजे डबीही चुकते आणि काटाही चुकतो, आणि दोघं सारखंच चुकतात. नोकरीत दोन वेगळ्या दुकानांच्या काट्यांवर वजन सारखंच कमी भरलं, तर आम्ही काट्यांना दोष देत नव्हतो, मालच कमी आहे असं धरत होतो. इथे तो नियम कसा लावायचा ते समजत नाही.

शिवाय सीट पुढे सरकलेली असते. मंगळवारी दुपारी बसलो तर पोट स्टिअरिंगला लागलं. माझं वजन वाढलंय की काय म्हणून घरच्या काट्यावर उभा राहिलो. उलट दोन किलो कमी. मधला आरसा खाली झुकलेला. मागच्या काचेवर चिकटपट्टीचा डाग. गॅरेजवाल्याला झापलं. तो शपथ घेऊन म्हणतो, सर्व्हिसिंगला गाडी डिसेंबरनंतर आलेलीच नाही.

ही म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." कुणाबद्दल म्हणाली ते सांगितलं नाही.

१ एप्रिल, बुधवार

आज डबीबद्दल काही नाही. हिची काळजी वाटते.

काल रात्री जेवताना बघितलं, हिचा डावा पाय टेबलाखाली सारखा दाबल्यासारखा वरखाली होत होता. विचारलं तर म्हणाली, मुंग्या आल्या. खांदे दुखतात म्हणते. बैठकीतली लाल उशी गायब आहे, तर म्हणते धुवायला दिली, तीन आठवडे झाले. आयुष्यभर टाचेच्या चपला घातल्या आणि आता एकदम सपाट तळाचे बूट घेतले. आणि मंगळवारी माझ्याआधी घरी असते, पण श्वास लागलेला असतो आणि गाल लाल असतात.

ही डॉक्टरांकडे जात असेल आणि मला सांगत नसेल. मी तरी कुठे सांगितलं? खणातला कागद अजून तळाशीच आहे.

संध्याकाळी हिच्या खांद्यांना बाम चोळून दिला. एकोणसत्तरीची झाली तरी मान तशीच आहे, लहानशी. "भाजीची पिशवी जड होती," म्हणाली. मी म्हटलं, यापुढे पिशवी मी उचलेन. हिने माझा हात खांद्यावरच धरून ठेवला. ह्या बाईला काही झालं तर मी काय करीन, हा विचार पहिल्यांदाच पूर्ण केला, आणि तो लिहिता येत नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

वकिलांना सगळं सांगितलं. त्यांनी माझा हत्ती मारला आणि म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." मला वाटलं, खेळाबद्दल बोलतायत. दोन चाली मागे जाऊन बघितलं, पण कळसा काही सापडला नाही.

कंपनीच्या मुलीने मात्र एक काम केलं. मंगळवारच्या फेरीचा नकाशा पाठवला. घरापासून पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या मैदानापर्यंत, तिथे गोल गोल चकरा, परत घर. म्हणजे गाडी खरंच जाते. कोणीतरी चोर माझी गाडी नेतो, मैदानात फिरवतो आणि परत आणून ठेवतो. असला चोर मी तरी ऐकलेला नाही. मंगळवारी त्याला रंगेहाथ पकडायचा.

२१ एप्रिल, मंगळवार

दहा वाजता नेहमीसारखा निघालो आणि वकिलांकडे न जाता टाकीकडे गेलो. सोबत छत्री घेतली होती, मारायला. टाकीच्या मागे पायऱ्या आहेत, तिथे बसलो.

पावणेअकराला माझी गाडी आली. हळूहळू, गचके खात. मागच्या काचेला शिकाऊची लाल पाटी चिकटवलेली. शेजारच्या सीटवर मास्तरीणबाई. आणि स्टिअरिंगमागे, लाल उशीवर बसून, दोन्ही हातांनी चाक आवळून धरलेली ही.

मी छत्री खाली ठेवली.

चढावर गाडी तीनदा बंद पडली. तीनदा हिने चालू केली. बाई काही बोलत नव्हत्या. काचा खाली होत्या आणि ही मोठ्याने बोलत होती, नेहमीसारखीच, पण आता स्वतःशी. "उजवीकडे मोकळं. समोर खड्डा. डावीकडे कुत्रं."

मी समोर बघत होतो. मला कुत्रं दिसलं नाही.

मान वळवली, तर होतं. पायरीपासून पाच हातांवर, पिवळं, चांगलं मोठं. परत समोर बघितलं, कुत्रं गेलं. मान वळवली, आलं. "डावीकडे मुलगी, दोरीवरच्या उड्या," ही म्हणाली. समोर बघितलं तर मुलगी नाही. वळवली तर आहे. असं मी सहा-सात वेळा केलं. पस्तीस वर्षं खात्रीचं वजन एका पारड्यात ठेवून दुसऱ्यांचे काटे तपासले. आज हिचं बोलणं एका पारड्यात होतं आणि दुसऱ्यात मी, आणि माझं पारडं हललंच नाही.

मी तिला बडबडी म्हणत आलो. चार-पाच वर्षं.

लांबच्या रस्त्याने घरी आलो. ही स्वयंपाकघरात, गाल लाल. "जिंकलात?"

"डाव बरोबरीत सुटला," मी म्हणालो.

"वकिलांचा फोन आला होता. तुम्ही आला नाहीत म्हणून."

मी हातपाय धुवायला गेलो. तोवर हिने ताट वाढून ठेवलं होतं.

२६ एप्रिल, रविवार

आज आक्काकडे जाताना हिचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं. म्हणजे नीट ऐकलं आणि मोजलं. जाताना डावीकडचं असं सतरा वेळा सांगितलं. त्यातलं नऊ वेळा मला दिसलेलं नव्हतं. त्यात एकदा लहान मूल होतं, चेंडूमागे धावणारं.

सतरात नऊ चूक. असा काटा मी जागच्या जागी जप्त करायचो. दुकानदार पाया पडायचे, साहेब, वडिलांच्या वेळचा काटा आहे, आजवर कोणाची तक्रार नाही. मी म्हणायचो, तक्रार नाही कारण गिऱ्हाइकाला कळलंच नाही. आणि लाख लावून मोहोर उठवायचो. घरी येऊन मला छान झोप लागायची.

आज आक्काला निघताना वाकून नमस्कार केला. म्हणाली, "का रे, कुठे चाललायस?"

१२ मे, मंगळवार

ही "बँकेत जाते" म्हणून सकाळी आठला गेली. बँक दहाला उघडते. साडेबाराला परत आली, डोळे रडून सुजलेले आणि तोंडभर हसू. लायसन्सची परीक्षा होती, हे न सांगताही कळलं. मी विचारलं, "बँकेत गर्दी होती?"

"खूप," म्हणाली. आणि दुपारी गाणं गुणगुणत कपाट आवरलं.

मी वाट बघतोय की ही सांगेल. ही सांगत नाही. मला आधी राग आला, माझ्यापासून लपवून ठेवते म्हणून. मग खणातला कागद आठवला आणि राग गेला. किल्ली खुंटीवर असते. हिचा हात पोचतो. तरी मी घरी असताना ही तिला हात लावत नाही.

२५ मे, सोमवार

तीन महिने झाले. कंपनीचं पत्र. माझ्या स्वतःच्या फेऱ्यांना चौऱ्याण्णव गुण, "अत्यंत सुरक्षित चालक". मंगळवारच्या फेऱ्या दुसऱ्या कोणाच्या असतील तर सोबतच्या अर्जावर त्या व्यक्तीचं नाव लिहून सही करावी, म्हणजे त्या वगळून मला पूर्ण सवलत मिळेल.

एक नाव, एक सही. डॉक्टरांचा दाखला आहे, डबीचे चौऱ्याण्णव आहेत, कायदा माझ्या बाजूला आहे. डबी खोटं बोलत नाही. फक्त मला काय दिसलं नाही हे तिला कळत नाही, ते हिला कळतं.

दुपारभर अर्ज समोर घेऊन बसलो. मग हिचं नाव लिहिलं, पण "इतर चालक" च्या रकान्यात नाही, "मुख्य चालक" मध्ये. माझ्या नावापुढे लिहिलं, "कमी करावे." पेन दोनदा खाली ठेवलं. हे वाक्य लिहायलाही वेळ लागला.

कंपनीच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "काका, असं केलंत तर सवलत जाईल. नवीन चालकाचा हप्ता वाढूनच येतो. आणि तुमचे चौऱ्याण्णव गुण आहेत हो!"

"त्यातले निम्मे हिचे आहेत," मी म्हणालो.

मग ती म्हणाली, "काकूंना सांगा, गुण सुधारतायत. मागच्या मंगळवारी गाडी एकदाही बंद पडली नाही."

अर्ज आणि खणातला कागद, दोन्ही जेवणाच्या टेबलावर ठेवले. अर्जावर हिची सही लागणार होती. हिने हात पुसले, चष्मा लावला. आधी डोळ्यांचा कागद वाचला, मग अर्ज. मग खुर्चीत बसली.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला? माझं?"

"टाकीपाशी बघितलं. तुला कधीपासून? माझं?"

"तुम्ही फाटकाला गाडी घासलीत तेव्हापासून," ही म्हणाली. "आधी वाटलं, सांगावं. मग वाटलं, आपण बोलत राहू, भागेल. त्या दिवशी मागे बसून गप्प राहिले आणि तो सायकलवाला..." तिला पुढे बोलता येईना. "मी तुमची गाडी काढून घ्यायला नाही हो शिकले."

"मग?"

"तुम्ही स्वतःहून किल्ली खाली ठेवाल त्या दिवसासाठी. नसती ठेवली तर नुसतं शिकून ठेवलं असतं. आक्कांचा रविवार बुडू नये एवढंच."

मी म्हणालो, "अगं, चढावर क्लच फार लवकर सोडतेस."

ही रडता रडता हसली आणि सही केली. मग मी थोडा रडलो. इथे खोटं लिहायचं नाही.

३१ मे, रविवार

आज गाडी हिने चालवली. चाळीस किलोमीटर. पहिले दहा किलोमीटर माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. घाटासारखा चढ आला तेव्हा मी डोळे मिटले. गाडी बंद पडली नाही. बेकरीच्या वळणावर एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, तर ही काच खाली करून म्हणाली, "अहो, येतेय ना!" आणि आपल्याच वेगाने गेली.

आक्का व्हरांड्यात उभी राहिली, खुर्ची सोडून. हिला स्टिअरिंगमागून उतरताना बघून काठी आपटत पायऱ्या उतरली. आधी हिला कवेत घेतलं, मग मला विचारलं, "तुला वाईट वाटलं का रे?"

"हो," मी म्हणालो. "वाटलं."

"वाटणारच," आक्का म्हणाली. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा.

परतताना ऊन उतरलं होतं, पण उजेड भरपूर होता. ही बोलत नव्हती. तिला आता कुणाला काही सांगायचं नव्हतं. इतकी वर्षं मी चालवत होतो आणि ही माझ्या डावीकडे, म्हणजे जिकडचं मला दिसेनासं झालं होतं तिकडेच बसत होती. आता मी डावीकडे बसलो होतो आणि ही माझ्या उजवीकडे होती. मी मान जराही न वळवता समोर बघत राहिलो. उजव्या डोळ्याच्या कडेला ही दिसत होती, केस कानामागे सारलेली, ओठ घट्ट मिटलेली, कपाळावर घाम. घर येईपर्यंत दिसत होती.